खिंडीतला राखणदार

२६ जानेवारी, रविवार
पहिला सातवा दिवस

चिहारु,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याची विचारपूस करायची असते, एवढं मलाही कळतं. त्सुबामेत बर्फ आहे. दरवर्षी असतो. झाली विचारपूस.

सोमवारी फोनवर मी तुझा भाऊ गेल्याचं सांगितलं, तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्याचा राग नाही. मला फोनवर बोलता येतच नाही. काचान होती तेव्हा फोन तीच घ्यायची. तुमच्या आईला जाऊन आठ वर्षं झाली, तरी फोन वाजला की मी अजून तिच्या उठण्याची वाट बघतो.

शूहेई झोपेत गेला. हृदय बंद पडलं. त्रास झाला नसणार, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारी सकाळी नाश्त्याचा ट्रे घेऊन वर गेलो तेव्हा कळलं. बुधवारी दहन झालं. हाडं दोघांनी मिळून चॉपस्टिकने उचलायची असतात आणि घरात दुसरं कुणी नाही, म्हणून समोरच्या कुमेको-सान आल्या. माझी बोटं केव्हाच बधिर झाली आहेत. पन्नास वर्षं चमचे पॉलिश केल्यावर बोटांत काही उरत नाही. एक तुकडा खाली पडला. मी तो हातानेच उचलून ठेवला.

एकोणपन्नासावा दिवस ९ मार्चला येतो. रविवारच आहे. अकरा वाजता मंदिरात हाडं काचानशेजारी ठेवतील. यायचं तर ये. फुकुओका लांब आहे, हे मला माहीत आहे.

आता कामाचं. शूहेईच्या हाताशी ते जुनं करड्या रंगाचं यंत्र होतं. तुम्ही दोघं ज्याच्यावरून मारामाऱ्या करायचात तेच, आणि आत तोच खेळ, ओनिबाको. रानातले राक्षस पकडायचे, डब्यांत भरायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या राक्षसांशी झुंजवायचे. पुस्तिका त्याने जपून ठेवली होती, ती वाचली. शेवटी एक खिंड आहे, खिंडीत वेस आहे, वेशीवर राखणदार बसलेला असतो. त्याला हरवलं की दार उघडतं आणि खेळ संपतो. खेळातला शूहेई पायथ्याच्या गावात उभा आहे. पडद्याच्या कोपऱ्यात ९९९ तास दिसतात. त्यापुढे यंत्राला मोजताच येत नाही म्हणे.

खेळ पुरा झालेला नाही. का नाही, मला माहीत नाही. तो काही अर्धवट टाकणारा नव्हता. ट्रे परत ठेवायचा तोसुद्धा वाटी धुऊन, चॉपस्टिक एका रेषेत लावून. मंदिरातले गुरुजी म्हणतात की एकोणपन्नास दिवस माणूस वाटेवर असतो आणि दर सातव्या दिवशी त्याचा एकेक न्याय होतो. तोवर मी हे पुरं करीन म्हणतो. अर्धा घासलेला चमचा टेबलावर ठेवून मी कधी घरी आलो नाही.

पण गावाबाहेर पडलं की दहा पावलांत कुठलातरी लांडगा येतो आणि माझे सगळे मरतात. काय करायचं असतं? एवढंच विचारायला हे पत्र लिहिलं.

तोकुजी

२ फेब्रुवारी, रविवार
चौदावा दिवस

चिहारु,

तुझं कार्ड आलं. "लाल शेपटीवालीला आधी पुढे करा. हरल्यावर सेव्ह करू नका." नाव नाही, गाव नाही. बारा वर्षांनी मुलीचं पत्र येतं आणि त्यात शेपटी असते! तरी मी ते वेदीवर शूहेईच्या फोटोपाशी ठेवलं. त्यालाही कळू दे.

येणार की नाही ते लिहिलं नाहीस. असू दे.

लाल शेपटीवाली पुढे केली. लांडगा एका चाव्यात आडवा झाला. मग मी तिचं नाव वाचलं. "चिहारु". तुला माहीत असेलच. मला नव्हतं. मग दिवसभर बसून सगळ्यांचीच नावं वाचली. गोल पोटाची, डोक्यावर टोपली घेतलेली एक आहे, ती कुणाला मारत नाही, नुसती औषध लावत फिरते. ती "काचान". काळा केसाळ, तो आपला कुत्रा "कुरो". ज्याला कायम झोप येते तो पक्षी म्हणजे पोस्टमन मुरायामा-सान. हसू आलं. खरंच तसे होते ते. डब्यांत आणखी चौतीस आहेत. त्यांत तुझी मैत्रीण आहे, गणिताच्या बाई आहेत, कोपऱ्यावरचा तोफूवालासुद्धा आहे.

मी नाही. दोनदा पाहिलं. बरोबरच आहे म्हणा. पाळायला कोण घेणार मला.

यंत्राचा मागचा स्क्रू काढून आत बघितलं. खेळाच्या कॅसेटमधली जुनी बॅटरी त्याने कधीतरी बदललेली आहे. डाख इतका स्वच्छ दिलाय की आमच्या कारखान्यात असता तर मी त्याला पहिल्या दिवशी पॉलिशच्या चाकावर बसवला असता. हे त्याला कधी सांगितलं नाही. मला माहीतच नव्हतं की त्याला डाख देता येतो.

कुमेको-सान मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या आणि मला बघून दारातच थांबल्या.

"त्सुचिदा-सान, चौऱ्याहत्तराव्या वर्षी राक्षस पकडताय होय?"

म्हटलं, "पकडलेले आहेत. मी फक्त फिरवतोय."

"आधी त्या चष्म्याची दोरी बांधा. नाहीतर राक्षस राहतील आणि तुम्हीच जाल."

बाई पूर्वीपासून तोंडाने तिखट आहे. लोणचं मात्र बरं होतं.

अंगठ्याला बटण कळत नाही. दाबलं की नाही ते पडद्यावर बघून ठरवावं लागतं. खिंडीच्या पहिल्या वळणापर्यंत पोचलो आहे. पुढे धुकं आहे. त्यातून कसं जायचं?

तोकुजी

९ फेब्रुवारी, रविवार
एकविसावा दिवस

चिहारु,

आधी, स्क्रू काढू नका म्हणून तीन वेळा लिहिलंस ते वाचलं. पुन्हा काढणार नाही. धुक्यात डाव्या भिंतीला धरून चालायचं, हेही केलं. निघालो. दुसऱ्या वळणावर आहे.

यावेळी पत्राच्या खाली तू एक ओळ जास्त लिहिलीस. "त्या माणसांबद्दल तुम्ही त्याला कधी काही बोललात का?"

नाही बोललो. तुला काय सांगू? तू तेव्हा इथेच होतीस. आठ वर्षं मुलगा खोलीत होता. सत्तावीस वर्षांचा झाला होता. माझ्या बरोबरीच्या माणसांना नातवंडं होती आणि मी रोज संध्याकाळी जिन्यावर उभा राहून ऐकायचो की आत कुणी चालतंय का. मग ती संस्था कळली. माणसाला खोलीतून बाहेर काढून कामाला लावतो म्हणाले. छान कपड्यातला माणूस आला होता, चहा घेतला, मान हलवत माझं सगळं ऐकून घेतलं. माझं कुणी त्याआधी ऐकून घेतलं नव्हतं. मी सही केली.

सकाळी सहाला पाच जण आले. दार कसलं, कागदाचं सरकतं दार, त्याला कडी नाही की कुलूप नाही. एकाने सरकवलं, चौघे आत गेले. शूहेई ओरडला नाही. मोज्यांवरच त्याला बर्फातून गाडीपर्यंत नेला. हातातलं यंत्र काढून माझ्याकडे दिलं. काचान बूट घेऊन मागे धावली. "अहो, बूट! बूट तरी घालू द्या त्याला!" गाडी गेली. ती बूट घेऊन रस्त्यात उभी राहिली. तू जिन्यात होतीस. त्याच आठवड्यात तू गेलीस.

मी चांगल्यासाठीच केलं, असं मी बारा वर्षं म्हणत आलोय. आता म्हणायचा कंटाळा आला.

आठ महिन्यांनी तो परत आला, जिना चढून खोलीत गेला आणि आतून बोलला. त्याचं माझ्याशी तेवढंच शेवटचं बोलणं. "हे दार पुन्हा कधी उघडू नका." मी म्हटलं, नाही उघडणार. यंत्र ट्रेवर ठेवून दाराशी ठेवलं. संध्याकाळी ट्रे रिकामा होता.

दिलेला शब्द मी पाळला, चिहारु. बारा वर्षं एकदाही त्या दाराला हात लावला नाही. निदान एवढं तरी माझ्या बाजूने धर.

तोकुजी

२३ फेब्रुवारी, रविवार
पस्तिसावा दिवस

चिहारु,

मागच्या आठवड्यात लिहिलं नाही. बर्फ काढण्यात गेला.

तू कुटुंबनोंदीचा दाखला काढलास आणि त्यात मृत्यूची तारीख "१७ जानेवारीच्या सुमारास" अशी आहे, आणि मी तर २० तारीख सांगितली होती, हे कसं, असं विचारतेस. कचेरीतली माणसं काय वाट्टेल ते लिहितात. माझ्या निवृत्तीच्या कागदांवर त्यांनी मला बाई केलं होतं. शिवाय डॉक्टर लोक अंदाजाने सांगतात. "सुमारास" म्हणजे काय ते तूच बघ.

तिसऱ्या वळणावरची म्हातारी पूल ओलांडू देत नाही. तिला काय द्यायचं असतं?

तोकुजी

२ मार्च, रविवार
मी मोजतो त्याप्रमाणे बेचाळिसावा दिवस

चिहारु,

म्हातारीला काय द्यायचं ते तू लिहिलं नाहीस. "आधी तीन दिवसांचं सांगा" एवढंच लिहिलंस. म्हातारीला मी स्वतःच्या अकलेने भाजलेला मासा दिला आणि पूल ओलांडला. काल सकाळी वेशीपाशी पोचलो.

तिथे सगळं पांढरं आहे. मोठं लाकडी दार आणि दाराकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ करून, गवती टोपी घातलेला एक जण बसलेला. जवळ गेलं की तो वळतो आणि खाली चौकटीत त्याचं नाव येतं.

"तोचान".

तुम्ही दोघं मला याच नावाने हाक मारायचात. शूहेई सहावीत जाईपर्यंत मारायचा. पुस्तिका पुन्हा काढून बघितली. पहिल्याच पानावर आहे, खेळ सुरू करताना राखणदाराचं नाव आपणच ठेवायचं असतं. मी ते पान वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. डब्यांत स्वतःला शोधत बसलो, चौतीस डबे उघडले, आणि मी इथे बसलो होतो.

राखणदार म्हणाला, "पुन्हा आलास. दोनशे अकरा वेळा आलास आणि परत गेलास. आज दार उघडू का?" खाली दोन शब्द असतात. हो. नाही.

मला कुठलंच दाबता आलं नाही. यंत्र पालथं घालून ठेवलं.

आणि दुपारी कोरणाऱ्याकडून वेदीवरची त्याच्या नावाची पाटी आली. काळी लाखेची, साध्या पांढऱ्या पाटीच्या जागी एकोणपन्नासाव्या दिवशी ठेवतात ती. काम पहिल्या दर्जाचं आहे. सोन्याच्या अक्षरांत "२० जानेवारी". मी जन्मभर धातू घासला, मला कळतं कुठली गोष्ट घासून जाते आणि कुठली नाही. ही जाणार नाही. माझा खोटेपणा आता सोन्यात कोरून आला.

म्हणून सांगतो.

१७ तारखेला, शुक्रवारी दुपारी त्याच्या हीटरची रॉकेलची टाकी दाराबाहेर रिकामी पडली होती. मी भरली. पाठ दुखत होती. टाकी आपटून ठेवली आणि म्हणालो, "चाळीस वर्षांचा झालास. स्वतःची टाकी स्वतः भरायला शीक." दाराकडे बघूनच म्हणालो. त्याने टाकी आत ओढून घेतली. सहाला ट्रे ठेवला. साडेसातच्या सुमारास वर काहीतरी वाजलं. एकदाच, टक. मला वाटलं, छपरावरचा बर्फ घसरला. आठ वाजता हीटरने पिंपिं केलं. तुला आठवत असेल, तीन तास झाले की तो बंद होण्याआधी वाजतो आणि बटण दाबलं की पुन्हा चालू राहतो. शूहेई लगेच दाबायचा. बारा वर्षं मी खालून ते ऐकत आलोय, पिंपिं, आणि मग गप्प. त्या दिवशी तो वाजत राहिला आणि आपोआप बंद पडला.

मी ते ऐकलं, चिहारु. टीव्हीचा आवाज कमी करून ऐकलं.

शनिवारी सकाळी ट्रे जसाच्या तसा. माझ्या बोलण्याचा राग आलाय, म्हटलं. तो काढून नवा ठेवला. संध्याकाळी तोही तसाच. रविवारीही तसाच. रविवारी मी जिन्यावर बसलो होतो. हात वर केला होता. काचान ट्रे ठेवताना रोज दोनदा टकटक करायची, ते आठवत होतं. हात खाली घेतला. म्हटलं, शब्द दिलाय. म्हटलं, राग गेला की जेवेल. शब्दाचं मी नुसतं म्हणत होतो. खरं तर मला भीती वाटत होती की दार उघडलं आणि तो जिवंत असला, तर माझ्याकडे कसा बघेल.

सोमवारी सकाळी उघडलं. तो गादीवर नव्हता. झोपेत गेला नव्हता. दारापासून हातभर अंतरावर पालथा होता, तोंड दाराकडे. यंत्र जवळ पडलं होतं, बॅटऱ्या संपलेल्या. मी डॉक्टरांना विचारलं, शुक्रवारीच कुणी आत गेलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी कागद आवरायला घेतले.

मंदिरात मी २० तारीख सांगितली. लोकांनी विचारलं असतं, तीन दिवस काय करत होतात? त्यामुळे सगळेच सातवे दिवस चुकले. तो गुरुवारी न्यायाला उभा राहायचा आणि मी रविवारी धूप लावायचो. एकदाही वेळेवर गेलो नाही. त्याचा खरा एकोणपन्नासावा दिवस रविवारी नाही. येत्या गुरुवारी आहे, ६ तारखेला.

तुला माहीत होतं का, राखणदाराचं नाव? त्याने ते का ठेवलं असेल?

तोकुजी

६ मार्च, गुरुवार
एकोणपन्नासावा दिवस, खरा

चिहारु,

आज सकाळी पहिल्यांदा मंदिरात गेलो. गुरुजी अंगणातला बर्फ झाडत होते. तिथेच सांगितलं, तारीख खोटी होती. झाडू हातात धरून त्यांनी ऐकलं.

म्हणाले, "त्सुचिदा-सान, चुकीच्या दिवशी म्हटलेली प्रार्थनाही पोचते. त्याची काळजी करू नका."

मला बरं वाटणार तेवढ्यात त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"पण तुम्ही मला विचारलंच नाही, जे शुक्रवारी करायचं होतं ते सोमवारी केलेलं पोचतं का. विचारलं असतंत तर मला उत्तर देता आलं नसतं."

मग आत जाऊन त्यांनी आजचं पठण केलं. आम्ही दोघंच होतो. धूप वेळेवर लागला. नवी पाटी मी परत पाठवली आहे, रविवारपर्यंत होणार नाही. रविवारी पांढरीच असेल. लोक विचारतील. सांगीन.

परत आलो तर मुरायामा-सानचा मुलगा, हल्ली टपाल तोच आणतो, फाटकाशी उभा होता. तुझं जलद टपाल. उभ्यानेच वाचलं.

"नाव त्याने अकराव्या वर्षी ठेवलं. मी शेजारी होते. मी विचारलं, तोचानच का? तो म्हणाला, त्याच्याहून कुणी मोठं नाही म्हणून. चाळिसाव्या वर्षी त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही आणि ते मी तुम्हाला सांगावं अशी अपेक्षाही ठेवू नका. राखणदाराला मारून चालत नाही. काचानकडे टकटक आहे. दोनदा करायची. तुम्ही ती कधी केली नाहीत, ते आता कळलं."

शेवटची ओळ तू रागाने लिहिलीस. कागदाला भोक पडलंय. पडू दे. खरंच आहे.

दुपारी जेवण झाल्यावर मी वर गेलो. त्याच्या खोलीत बसलो, तो पडला होता तिथे, आणि यंत्र सुरू केलं. राखणदार म्हणाला, "पुन्हा आलास. दोनशे बारा वेळा." शनिवारची माझीही खेप त्याने धरली होती. "आज दार उघडू का?"

मी "हो" दाबलं. अंगठ्याला कळलं नाही. पडद्यावर दिसलं.

त्याच्याकडे एकच राक्षस आहे. कासव. ते काही करत नाही. तू सांगितलंस ते करण्याआधी मला बघायचं होतं, म्हणून मी सगळ्यांना पुढे केलं. लाल शेपटीवाली तू चावलीस. खाली आलं, "तोचानचं कासव गप्प आहे", आणि तुझा चावा तुलाच लागला. पुन्हा चावलीस, पुन्हा तुलाच लागला. तू गेलीस. कुरो गेला. मुरायामा-सान झोपेतच गेले. कासवाला ओरखडासुद्धा नाही. दर वेळी तीच ओळ येत होती, "तोचानचं कासव गप्प आहे", "तोचानचं कासव गप्प आहे". ज्याने हा खेळ बनवला त्याला मी कुठे भेटलो होतो कुणास ठाऊक.

शेवटी काचान राहिली. तिच्या डावांच्या यादीत सगळ्यात खाली, सगळ्यात कमी जोराची, टकटक. पुस्तिकेत लिहिलंय की ही प्रत्येकाला पहिल्यापासून येते आणि पुढे चांगलं काही शिकवलं की पुसली जाते. शूहेईने बाकी सगळ्यांची पुसली होती. तिची ठेवली होती.

"काचानने टकटक केली."

"तोचानचं कासव गप्प आहे."

"काचानने टकटक केली."

कासवाने डोकं बाहेर काढलं. एवढंच. मग ते आडवं झालं, म्हणजे संपलं, काचानने काही मारलंसुद्धा नाही. राखणदार उठला, गवती टोपी काढून बाजूला ठेवली आणि दार उघडलं. पलीकडे काय असेल म्हणून मी यंत्र डोळ्यांशी धरलं. पलीकडे पांढरं होतं. थोडं संगीत वाजलं, खेळ बनवणाऱ्यांची नावं वरून खाली गेली, आणि मग विचारलं, सेव्ह करू का? "हो" म्हटलं तर शूहेईने न संपवता ठेवलेला खेळ जातो. "नाही" म्हटलं तर राखणदाराला कुणी हरवलंच नाही असं होतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. यंत्र माझ्यासमोर आहे, तिथेच थांबलंय. बॅटऱ्या आहेत तोवर थांबेल. हे मी एकट्याने ठरवणार नाही. मागे एकदा एकट्याने सही केली होती.

दोनशे अकरा वेळा तो तिथवर आला आणि परत गेला. त्याला टकटक माहीत होती. तो जिंकू शकत होता. का नाही जिंकला, याचं उत्तर मला बरं वाटेल असंही निघतं आणि अजिबात वाटणार नाही असंही निघतं. मी दोन्हीकडून विचार केला. मग विचार सोडला. या कागदी दाराच्या पलीकडून तो बारा वर्षांत दाराशी किती वेळा आला असेल, तेही मला माहीत नाही. मी इकडून किती वेळा आलो ते त्याला माहीत नव्हतं.

हे पत्र रविवारच्या आत तुला मिळणार नाही. मुरायामा-सानचा मुलगा म्हणाला, फुकुओकाला सोमवार उजाडेल. म्हणजे तू हे वाचत असशील, तर एक तर तू आली नाहीस, नाहीतर येऊन परत गेलीस. दोन्ही तुझ्या हातात होतं. मी विचारणार नाही.

आलीस तर जिना चढल्यावर तुला दिसलंच असेल. आज संध्याकाळी मी त्याच्या खोलीचं दार काढलं. जिन्याच्या भिंतीला टेकवून ठेवलंय. असलं दार काढायला ताकद लागत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन्ही हातांनी धरायचं, बोटभर वर उचलायचं, खालची कड खाचेतून आपोआप सुटते. माझ्या या मेलेल्या बोटांनीसुद्धा ते एका दमात सुटलं. उचललं तेव्हा कळलं, दार किती हलकं आहे.

तोचान